सांभाळणारी एक, सही दुसऱ्याची

डिसेंबर 1984 मध्ये गीता हरिहरन यांनी आपल्या लहानग्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे 9 टक्क्यांचे रिलीफ बाँड घ्यायला अर्ज केला. त्या पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आल्या. मुलाची पालक म्हणून अर्जात त्यांचेच नाव होते आणि त्याला मुलाच्या वडिलांची पूर्ण संमती होती. बँकेने कळवले, वडिलांच्या सहीचा अर्ज द्या, नाहीतर तुम्ही पालक असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा. या बाँडांवरून नवराबायकोत काही वाद नव्हता आणि पैसा मुलाच्याच नावावर राहणार होता. तरी आईची सही चालेना.

बँकेला आडमुठी म्हणून मोकळे होता येत नाही. ती कायदा वाचूनच बोलत होती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 याचे कलम 6 सांगते की अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. त्याच कलमात असेही आहे की पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईच्या ताब्यात असावे. म्हणजे मूल आईने सांभाळावे हे कायद्याला मान्य आहे. तिने त्याच्या वतीने सही करावी, हे मात्र नाही.

ही विभागणी केवळ हिंदू कायद्यातच नाही. मुस्लिम कायद्यात ती अधिक रेखीव आहे. मुलाचा सांभाळ म्हणजे हिजानत, आणि त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार म्हणजे वलायत. भारतात बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेतले. तिच्यात हिजानतीचा पहिला हक्क आईचा, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. आई नसेल तर आईची आई. मिळकतीच्या वलायतीचा क्रम मात्र निराळा: आधी वडील, मग वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेला कारभारी म्हणजे वसी, मग आजोबा, मग आजोबांनी नेमलेला वसी. या यादीत आई स्वतःच्या नात्याने कुठेच येत नाही.

अशी रचना का झाली, त्याला कारण आहे. मुलाच्या खाण्यापिण्याचा, कपड्यालत्त्याचा, शिक्षणाचा खर्च बापावर. आई श्रीमंत असली तरी आधी बापावर. मूल आईजवळ असले तरी खर्चाचा भार हलत नाही. ज्याने पैसा द्यायचा त्यानेच निर्णय घ्यायचा, हा त्या काळचा हिशेब, आणि त्या चौकटीत तो चुकीचा म्हणता येत नाही. प्रश्न पुढचा आहे. बापाने पैसा देणे थांबवले तर? आपल्याकडे बायकामुलांची पोटगी थकवली म्हणून कुणाचे पालकत्व आपोआप जात नाही. ज्या जबाबदारीच्या बदल्यात अधिकार दिला ती सुटली तरी अधिकार शिल्लक राहतो.

या रचनेमागे मुलाच्या रक्षणाचा विचार नव्हता, असे मात्र कुणी समजू नये. 1918 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी हा खटला आला. विधवा आईने स्वतःच्या हिश्श्याबरोबर अज्ञान मुलांचे हिस्सेही विकले होते. निकाल अमीर अली यांनी लिहिला. मुस्लिम कायद्याने आई मिळकतीची पालक नाही, तिने केलेली विक्री मुलांवर बंधनकारक नाही, असे त्यात ठरले. आज वाचताना हा निकाल बायकांवर अन्याय करणारा वाटतो. पण त्या मुलांच्या बाजूने पाहा: त्यांचे हिस्से वाचले. सांभाळ करणारा म्हणून पुढे आलेला चुलता किंवा मामाही याच निकालाने अडवला जातो.

मला त्यातली वेगळीच जागा महत्त्वाची वाटते. आई मुलांची मिळकत सांभाळू शकत नाही, या नियमाला एक मोठी फट आहे. बापाने मृत्युपत्राने तिला वसी नेमले असेल तर ती सांभाळू शकते. तीच बाई, तीच मुले, तीच जमीन. नवऱ्याचा शब्द असेल तर ती पात्र, नसेल तर नाही. म्हणजे बाईला व्यवहार कळत नाही, असे शास्त्रकारांचे म्हणणे नव्हतेच. एवढे एकदा लक्षात घेतले की तिला बाजूला ठेवण्याचे निम्मे समर्थन गळून पडते.

मग मुलाचे रक्षण नेमके कशाने होते? बापाकडे अधिकार दिल्याने होते का? इथे हिंदू कायद्याचे कलम 8 पाहण्यासारखे आहे. ज्या कायद्याने बापाला पहिला पालक केले, त्यानेच न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय मुलाची स्थावर मिळकत विकायला त्याला मनाई केली. मुस्लिम कायद्यात बापाला गरज पडल्यास अशा परवानगीविना विकता येते. आईला विकायची असेल तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून आधी पालक म्हणून नेमून घ्यावे लागते आणि मग विक्रीची परवानगी वेगळी मागावी लागते. आईने कोर्टाला हिशेब द्यावा याला माझी हरकत नाही. तो बापाने का देऊ नये, एवढेच मला विचारायचे आहे. कुराणाच्या अन्-निसा या सुरेत अनाथांचा माल त्यांच्या हवाली करताना साक्षीदार ठेवण्याची आज्ञा आहे. पालकाने हिशेब द्यावा हा विचार त्या परंपरेला परका नाही.

तेव्हा मुलाला वाचवते ती पालकावरची देखरेख. पालक पुरुष की बाई, याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि देखरेख ठेवायचीच, तर अधिकार जो रोज मुलाजवळ आहे त्याच्याकडे का असू नये?

ट्युनिशियाने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवला. 1956 च्या कुटुंब संहितेत 1981 साली दुरुस्ती झाली आणि वडिलांच्या मृत्यूनंतर आई पालक ठरली. 1993 साली मूल ज्या आईच्या ताब्यात आहे तिला त्याचा प्रवास, शिक्षण आणि पैशाची खाती यांबाबत पालकाचे अधिकार मिळाले. मोरोक्कोने 2004 च्या मुदव्वना या कुटुंब संहितेत संसाराची जबाबदारी नवराबायको दोघांची, असे पहिल्याच काही कलमांत लिहिले. पुढे पालकत्वाच्या भागात मात्र बाप हाच कायदेशीर पालक, आणि आई त्याच्या गैरहजेरीत. घटस्फोटानंतर मूल सांभाळणाऱ्या मोरोक्कन आईला शाळा बदलायची किंवा पासपोर्ट काढायचा तरी माजी नवऱ्याला गाठावे लागे. त्याने सूड म्हणून सही अडवली की मूल अडकले. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलेल्या सुधारणांत पालकत्व दोघांचे, संसारात आणि घटस्फोटानंतरही, असा प्रस्ताव आहे. दोन्ही देशांत बहुसंख्य लोक मुसलमान आहेत आणि दोन्हींचे कायदे फिक्ह म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या मालिकी परंपरेतून आले आहेत. धर्म आडवा येतो म्हणून सुधारणा होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे तपासावे.

आपल्याकडे काय झाले? 1970 सालीच विदर्भातल्या शेतजमिनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की बाप हयात असूनही मुलीच्या कारभारात लक्ष घालत नसेल तर तो नसल्यासारखाच, आणि आई पालक. गीता हरिहरन यांच्या खटल्यात 17 फेब्रुवारी 1999 रोजी न्यायालय याच वाटेने पुढे गेले. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर असे नव्हे, गैरहजेरीत असेही. बाप बेफिकीर असेल, दूर असेल, आजारी असेल किंवा दोघांनी तसे ठरवले असेल, तर आई पालक. कलम रद्द करायला नको म्हणून काढलेली ही तोडगेबाज वाट आहे. तिने बाईंचे काम झाले, पण बाप घरात असताना आई समान पालक आहे, असे ती म्हणत नाही. विधी आयोगाने मे 2015 च्या 257 व्या अहवालात नेमके हेच, म्हणजे आईला समान पालक करायला सांगितले.

महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, असा क्रम केला. चांगले झाले. पण नाव लागले म्हणजे सहीचा अधिकार मिळाला, असे नाही.

हिंदू कायद्यात बदल संसदेच्या हाती आहे आणि कलम 6 मधला एक शब्द बदलून तो होण्यासारखा आहे. मुसलमान बापाला मात्र संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. मृत्युपत्रात मुलांच्या आईला वसी नेमण्याची मुभा त्याला शरियतनेच दिली आहे. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी ती आज वापरावी.