चहाआधीचा अर्धा तास

आत्ता कितीतरी घरांत चहाचं आधण चढलं असेल आणि त्यातल्याच एखाद्या घरात कुणी घोटभर पाण्याबरोबर बारीकशी गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसलं असेल. माझी थोरली बहीण रोज अशीच बसते. थायरॉईडच्या कॅन्सरमुळे तिच्या गळ्यातली ग्रंथी काढावी लागली. तिचं काम आता ही गोळी करते. उपाशीपोटी घ्यायची, निदान अर्धा तास चहा नाही, कॅल्शियमची गोळी तर चार तासांनी.

ऑपरेशननंतर तिच्या बोटांना, ओठांभोवती मुंग्या यायच्या. रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची ती खूण. मग किरणोत्सारी आयोडीन. त्याआधी काही दिवस आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूधदही बंद. औषध घेतल्यावर खोलीत एकटीच. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं, शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं. म्हणून हा दुरावा थोड्याच दिवसांचा. पण घरी आल्यावरही नातू दारातून हात पसरायचा आणि हिला त्याला उचलून घेता यायचं नाही. तेच तिला सगळ्यांत जड गेलं.

लोक म्हणतात, ‘हा तर साधा कॅन्सर.’ बहुतेकजण बरे होतात हे खरंच, आणि ते सांगायलाच हवं. पण रिपोर्टच्या आधीची रात्र साधी नसते हो. त्या रात्री उपदेश नको, जवळ बसावं.

काल संध्याकाळी ती देवापुढे आरती म्हणत होती. वरचा सूर लागेना. थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि खालच्या पट्टीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.