विस्मृतीत गेलेले माता-पिता आणि आपली जबाबदारी

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३-२४) एकट्या अल्लाहच्या उपासनेच्या आदेशाला लागूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाचा आदेश आला आहे. त्यांच्यापुढे ‘उफ’सुद्धा म्हणू नये, त्यांना झिडकारू नये, हे आपल्या घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच आयतीत वार्धक्याच्या उल्लेखाबरोबर आलेल्या एका शब्दाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो शब्द आहे ‘इन्दक’, म्हणजे ‘तुझ्याजवळ’. माता-पित्यांपैकी एकाला अथवा दोघांना तुझ्याजवळ असताना वार्धक्य आले, तर त्यांच्याशी कसे वागावे, हे तेथे सांगितले आहे. गेली तीन वर्षे हा एक शब्द माझ्या मनातून हललेला नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिक्षक होते. अम्मींच्या निधनानंतर कऱ्हाडचे घर बंद करून ते आमच्याकडे पुण्याला, कोंढव्याला आले. त्या दिवशी सामान टेम्पोत चढत असताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “बेटा, मला कुठल्या आश्रमात मात्र टाकू नकोस.” मी अल्लाहची शपथ घेऊन तसे कधीही न करण्याचे वचन दिले. तेव्हा ते सहज दिलेले वचन होते.

दोन वर्षांनी ते असरची नमाज एका दुपारी चारचार वेळा अदा करू लागले. सलाम फेरला की नमाज झाली होती हे ते विसरत आणि पुन्हा वुजूला उठत. शेजारचे लोक हसून म्हणत, “म्हातारचळ लागला.” आम्हीही काही दिवस तसेच समजलो, ही आमची चूक. वय झाले म्हणजे विसरायला होतेच, असे मानून बसू नये. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे यांमुळेही माणूस असा भासू शकतो आणि त्यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. अब्बांच्या बाबतीत तपासण्यांनंतर डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असे निदान केले. आपल्या देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. त्यांपैकी बहुतेकांची काळजी घरातील कुणीतरी, बहुधा एखादी स्त्रीच, वाहत असते.

या अवस्थेचे वर्णन कुरआनला नवे नाही. सूरह नहल (आयत ७०) आणि सूरह हज (आयत ५) मध्ये वयाच्या त्या हीन टप्प्याचा उल्लेख आहे, जेथे पोहोचलेला माणूस सर्व काही जाणल्यानंतर काहीच जाणत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः या अवस्थेपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. ही दुआ माननीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) आपल्या मुलांना, शिक्षक विद्यार्थ्यांना अक्षरे शिकवतो त्याप्रमाणे शिकवीत, असे सहीह बुखारीत नमूद आहे. आयुष्यभर अक्षरे शिकविलेल्या माणसाचा मुलगा म्हणून मला ती हदीस वाचवत नाही. पण तिच्यातून एक गोष्ट कळते. ही अवस्था लाजेची नाही, भीतीची आहे. ज्यापासून प्रेषितांनी (स.) आश्रय मागितला, ती कुणाच्या पापाची खूण कशी असेल? आणि ज्याची बुद्धी हरपली त्याच्यावरून लेखणी उचललेली आहे, हेही हदीसीत स्पष्ट आहे. त्याच्या चुकलेल्या रकअतींचा हिशेब त्याच्याकडून घेतला जाणार नाही. हिशेब उरतो तो आपला.

माझी पत्नी त्यांना खाऊ घाली, कपडे बदली, औषध देई. ती आपल्या पेन्शनचे पैसे चोरते, असे अब्बांना वाटू लागले; ते तिच्यावर हात उगारीत. सासरे सुनेला महरम असले तरी त्यांना आंघोळ घालणे, शौचाची स्वच्छता करणे या गोष्टी तिच्याकडून व्हाव्यात हे ना शरीअतला साजेसे होते, ना अब्बांच्या हयेला. ते घट्ट लुंगी धरून रडत. मी कामाहून सात वाजता येई, तोवर ते ओल्या कपड्यांत बसलेले असत. एका रात्री दोन वाजता फजरची वेळ झाली म्हणून ते घराबाहेर पडले आणि हडपसरच्या रस्त्यावर एका रिक्षावाल्याला सापडले. अल्लाह त्या माणसाला याचा मोबदला देवो. त्यानंतर आम्ही दाराला बाहेरून कडी लावू लागलो. दिवसा एक मदतनीस ठेवून पाहिला. तीन महिन्यांत तीन जण सोडून गेले. पत्नीच्या कमरेतील मणका सरकला.

रियाधमध्ये असलेल्या माझ्या धाकट्या भावाने मदतगृहाचा विषय निघताच फोनवर गुहेतील तीन माणसांची हदीस ऐकविली. माता-पिता झोपी गेले म्हणून दुधाचे भांडे हातात घेऊन पहाटेपर्यंत उभा राहिलेला तो मुलगा आणि पायाशी भुकेने रडणारी त्याची लेकरे. हदीस खरी आहे आणि भावाची तळमळही खरी होती. तो दरमहा पैसे पाठवितो. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात आले की, भांडे हातात घेऊन उभा होता तो मुलगा स्वतः. त्याने ते पत्नीच्या हातात देऊन ‘तू उभी राहा, पुण्य मला मिळेल’ असे म्हटल्याचे हदीसीत नाही. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर शरीअतच्या दृष्टीने अनिवार्य नाही, ती करते तो तिचा एहसान आहे, असे अनेक उलेमांनी स्पष्ट केले आहे. आपल्या समाजात मात्र मुलाची सेवाभावना बहुतेक वेळा सुनेच्या हातांनी पार पडते आणि कौतुक मुलाचे होते. हे मी दुसऱ्यांविषयी नव्हे, माझ्याविषयी लिहीत आहे.

मग ‘तुझ्याजवळ’ म्हणजे काय? अब्बा माझ्या घरात होते, बाहेरून लावलेल्या कडीच्या आत होते आणि मी दहा तास कार्यालयात होतो. ते माझ्याजवळ होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला असे जाणवू लागले की, तो शब्द केवळ एका छपराविषयी नसावा. तो ताब्याविषयी आणि जबाबदारीविषयी आहे. दुबळा झालेला जीव कुणाच्या राखणीत आहे, त्याच्या अन्नाची, अंगाची, अब्रूची काळजी कोण वाहतो, हे त्यात येते. माणूस घरात ठेवूनही त्याग करता येतो. आणि मदतगृहात पोहोचवून ‘आता ते पाहतील’ असे म्हणून परतणे हा तर उघड त्याग आहे. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा अपराध ठरविला आहे.

येथे मला एक इशारा द्यावासा वाटतो, कारण माझ्या लिखाणाचा आधार घेऊन कुणी आपल्या सोयीची वाट काढू नये. फ्लॅट लहान आहे, पाहुणे आल्यावर संकोच होतो, मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो, अशा कारणांनी माता-पित्यांना बाहेर ठेवणे मी योग्य मानत नाही. भावंडांनी आळीपाळीने सांभाळणे, रात्रीचा पगारी सेवक ठेवणे, नोकरीची वेळ बदलून घेणे हे सर्व आधी करून पाहिले पाहिजे. अल्लाह कुणावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरीस आले आहे. पण आपली कुवत कुठे संपते हे ठरविताना मन फार लबाड असते. म्हणून मी ते एकट्याने ठरविले नाही. आपा कोल्हापूरहून आल्या, दोन आठवडे राहिल्या, सर्व पाहिले आणि मग त्यांनीच भावाला फोन केला.

संस्था ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असेही मला मशिदीत कुणी सुनावले. इतिहास तसे सांगत नाही. १३५४ मध्ये हलब शहरात उभा राहिलेला अरगून अल्-कामिली बीमारिस्तान आणि १४८८ मधील एदिर्ने येथील सुलतान बायझीदचे रुग्णालय यांत मनोरुग्णांची सेवा केली जात असे. अशा संस्थांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालत असे. आपण मदरसे काढले, यतीमखाने काढले, दवाखानेही काढले. बुद्धी हरपलेल्या वृद्धांसाठी, जेथे अजान ऐकू येईल असे एखादे घर मात्र मला शोधूनही सापडले नाही.

तेव्हा जे आहे त्यातून निवडायचे होते. आम्ही सहा ठिकाणे पाहिली. एका ठिकाणी वृद्धांना खुर्चीला ओढणीने बांधलेले होते. दुसरीकडे नातेवाइकांनी महिन्यातून एकाच रविवारी यावे असा नियम होता. ज्याला साक्षीदार नको आहेत त्याच्या हाती अमानत कशी द्यावी? माझा अनुभव असा की, दुपारी अकरा वाजता माहितीपत्रक घेऊन फिरविणाऱ्या व्यवस्थापकाकडून काही कळत नाही. संध्याकाळी, न सांगता जावे. या आजारात दिवस मावळताना रुग्णाची घालमेल वाढते आणि नेमके तेव्हाच सेवकांची पाळी बदलते. त्या वेळी कोण कोणाशी कसे बोलतो ते ऐकावे. रात्री किती रुग्णांमागे किती सेवक असतात ते विचारावे. रुग्ण अस्वस्थ झाला की आधी गोळी देतात की आधी जवळ बसतात, तेही विचारावे. पुरुषाला आंघोळ घालायला पुरुष आणि स्त्रीला स्त्री आहे काय, हे आपल्यासाठी गौण नाही. हलाल अन्नाविषयी मोघम ‘हो हो’ यावर समाधान मानू नये. आम्ही शेवटी शाकाहारी जेवण ठरविले आणि मांसाहार घरून नेतो.

पण हे सर्व पाहत असताना माझ्या मनात ‘उफ’ हाच शब्द होता. इतके लहान अक्षर, आणि त्याचीही मनाई. संस्थेत ते अक्षर मी उच्चारणार नाही. माझ्या वतीने पगार घेणारा कुणी उच्चारील. वकिलाने, म्हणजे आपण नेमलेल्या माणसाने, सोपविलेल्या कामात जे केले ते सोपविणाऱ्याकडे जाते, हा व्यवहाराचा नियम आपण जाणतो. मग मी निवडलेल्या माणसाने माझ्या वडिलांना झिडकारले, तर ते झिडकारणे कुणाचे? याच विचाराने आम्ही सर्वांत नीटनेटके मदतगृह सोडले आणि जुन्या इमारतीतले एक घेतले. तेथील एक सेवक एका भ्रमिष्ट आजोबांचा तोच प्रश्न सातव्यांदा ऐकून सातव्यांदा तेच उत्तर देत होता. आम्ही दारात उभे आहोत, हे त्याला माहीत नव्हते.

पैशाविषयी थोडे. अब्बांची पेन्शन त्यांच्यावरच खर्च होते, उरलेले आम्ही तिघे भरतो. त्यांची बुद्धी गेल्यानंतर कऱ्हाडच्या घराच्या कागदावर अंगठा घेण्याची सूचना एका नातलगाने केली होती. सूरह निसाच्या पाचव्या आयतीत असमंजस लोकांच्या संपत्तीविषयी जे सांगितले आहे, त्याचा रोख त्यांच्या अन्नवस्त्रावर आणि त्यांच्याशी चांगले बोलण्यावर आहे. त्यांची मालमत्ता उरकून टाकण्याची ती सवलत नाही.

राहिली शपथ. मुफ्तीसाहेबांनी सांगितले की, शपथ घेतल्यावर दुसरी गोष्ट अधिक हितकारक दिसली तर ती करावी आणि शपथेचा कफ्फारा द्यावा, असे हदीसीत मार्गदर्शन आहे. आम्ही दहा गरिबांना जेवू घातले. शपथेचे ओझे उतरले. टेम्पोजवळ धरलेल्या त्या हाताचे उतरलेले नाही आणि ते उतरावे असेही मला वाटत नाही. मी घेतलेला निर्णय बरोबर होता असे मला बहुतेक दिवशी वाटते. काही दिवशी वाटत नाही.

मी एक दिवसाआड जातो. जुमाच्या दिवशी त्यांना स्वतः आंघोळ घालतो, अत्तर लावतो. ते मला ओळखत नाहीत. कधी मला त्यांचा भाऊ समजतात, कधी शाळेचा शिपाई. अम्मी कुठे आहेत असे विचारतात. पहिल्यांदा मी खरे सांगितले आणि त्यांनी ती बातमी नव्याने ऐकून नव्याने शोक केला. तेव्हापासून मी म्हणतो, “अल्लाहच्या हवाली आहेत, अब्बा, आरामात आहेत.” हे खोटे नाही आणि त्यांना ते पुरते.

मागच्या जुमाला नमाजेसाठी मी त्यांच्या खोलीत मुसल्ला अंथरला. ते खुर्चीत बसून पाहत होते. सलाम फेरल्यावर म्हणाले, “तुम्ही नमाज छान पढता. कुणी शिकवली?” मी म्हणालो, “माझ्या वडिलांनी.” त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “ते असतात कुठे?”

“माझ्याजवळच,” मी म्हणालो.