नावानिशी मरण

होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या चौथ्या सर्गात सिमोइसिओस नावाचा एक ट्रोजन तरुण मरतो. त्याआधी तो काव्यात कुठे भेटलेला नसतो आणि नंतर कोणी त्याचे नाव काढत नाही. ग्रीक वीर एजॅक्सचा भाला त्याच्या छातीतून खांद्यापार निघतो. पण एवढ्याशा प्रसंगातही होमर सांगतो की, इडा पर्वतावर आईवडिलांबरोबर मेंढरे पाहायला गेलेली त्याची आई खाली उतरताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून नदीचेच नाव पोराला पडले. त्याचे लग्न व्हायचे होते. आईवडिलांचे पांग फेडायला तो उरला नाही. मग तो कोसळतो तो एखाद्या पॉप्लरसारखा. रथ घडवणाऱ्याने चाकाचा घेर वळवण्यासाठी ते झाड तोडलेले असते आणि ते नदीकाठी वाळत पडते. या काव्यात नावानिशी मरणारे दोनशेहून अधिक आहेत. सगळ्यांच्या वाट्याला इतक्या ओळी येत नाहीत, कित्येकांना नुसते नावच मिळते. तरीही वीरांबद्दल होमरची भूमिका काय आहे हे समजून घ्यायचे तर सुरुवात या किरकोळ मृतांपासून करावी, नायक अकिलीसचा क्रोध नंतर पाहावा, असे मला वाटते.

इलियडमधला वीर लढतो तो कीर्तीसाठी, हे खरेच आहे. बाराव्या सर्गात सार्पेडॉन आपल्या मित्राला हा व्यवहार उघड करून सांगतो: या लढाईतून वाचून आपण अजरामर होणार असतो, तर मी पुढच्या फळीत उभा राहिलो नसतो, मरण टळत नाही म्हणून निदान नाव तरी राहावे. नवव्या सर्गात अकिलीस या व्यवहारावरच शंका घेतो. गुरे-मेंढरे लुटून आणता येतात, गेलेला प्राण कुठल्या लुटीतून परत येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे कीर्तीची किंमत पात्रांना ठाऊक आहे. पण पात्रे बोलतात ती स्वतःच्या प्राणाबद्दल. दुसऱ्याच्या प्राणाचा हिशेब ठेवतो तो कवी. सहाव्या सर्गात ग्रीक वीर डायोमिडीस आक्सिलोसला मारतो. हा अरिस्बे गावचा संपन्न माणूस, रस्त्यालगत घर असलेला, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला घरात घेणारा. त्या दिवशी त्याच्या पाहुण्यांपैकी एकही त्याच्या आणि मरणाच्या मध्ये उभा राहिला नाही. अकराव्या सर्गात ग्रीक सेनापती अ‍ॅगमेम्नॉनच्या हातून मरणारा इफिडामास नवपरिणीत आहे. त्याने देज म्हणून शंभर गाई दिल्या होत्या, हजार शेळ्यामेंढ्या देण्याचा शब्दही दिला होता, आणि बायकोचा सहवास त्याला धड लाभलाही नाही. ज्या घावाने मारणाऱ्याच्या नावावर कीर्ती जमा होते, त्याच घावाच्या ओळीत कुणाच्या तरी घरची नासाडी नोंदली जाते.

सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने 1940-41मध्ये, फ्रान्सच्या पराभवानंतर, इलियडवर एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. या काव्याचा खरा नायक बळ आहे आणि बळ माणसाची वस्तू करून टाकते, असे तिचे प्रतिपादन. निबंध अजोड आहे, आणि लायकॅऑनचा प्रसंग वाचताना तिचे म्हणणे पटतेच. ट्रॉयचा राजा प्रायम याचा हा मुलगा एकदा अकिलीसच्या तावडीत सापडून लेम्नॉस बेटावर विकला गेला, खंडणी भरून सुटला, घरी परतला. अकरा दिवस आप्तांत काढले आणि बाराव्या दिवशी पुन्हा अकिलीसच्याच समोर आला, निःशस्त्र. तो गुडघे धरतो. अकिलीस त्याला मित्र म्हणून संबोधतो, माझा मित्र पॅट्रोक्लसही मेला, मीही मरणारच आहे असे शांतपणे सांगतो, मारतो आणि प्रेत नदीत फेकतो. पण वेलच्या चित्रात एक गोष्ट निसटते असे मला वाटते. बळ माणसाची वस्तू करते त्याच क्षणी कवी त्या वस्तूला आई, गाव, रस्त्यालगतचे घर देत असतो. चोविसाव्या सर्गात प्रायम आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो आणि अकिलीसला त्याच्यात स्वतःचा म्हातारा बाप पेलेउस दिसतो. प्रेतामागे बाप असतो हे नायकाला शेवटच्या सर्गात उमगते. श्रोत्याला कवी ते केव्हापासून दाखवत आला आहे.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांचा. मिलमन पॅरीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की होमरची रचना मौखिक परंपरेतली आहे. ठरीव विशेषणे, ठरीव ओळी, ठरीव प्रसंग यांच्या आधाराने गायक हजारो ओळी उभ्या करी. मग ही चरित्रेही एकसुरी कत्तलीत रंग भरण्याची ठरीव क्लृप्ती का नसावी? क्लृप्ती आहेच. पण साचा आहे म्हणून त्यात अर्थ नाही, हे अनुमान टिकत नाही. आपल्या ओव्याही साच्यातच रचल्या गेल्या. भाला कुठे लागला, चिलखत कसे खणाणले, हे साच्यातून येते. हजार शेळ्यामेंढ्यांचे अपुरे राहिलेले वचन वृत्ताच्या गरजेपोटी येत नाही. कोणी म्हणेल, प्रतिस्पर्धी थोर दाखवला की जेता आणखी थोर ठरतो. सार्पेडॉन किंवा प्रायमपुत्र हेक्टरबाबत हे पटेल. आक्सिलोसच्या पाहुणचाराने डायोमिडीसच्या पराक्रमात काय भर पडते? शिवाय मरणाऱ्यांत बहुसंख्य ट्रोजन आणि त्यांचे मित्र आहेत, आणि ऐकणारे ग्रीक. स्वतःच्या कुळाचा उल्लेख ऐकून सुखावण्याची सोय इथे फारशी नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. नावे मिळतात ती सरदारांना. सामान्य शिपाई जमावातच मरतात. दुसऱ्या सर्गात राजांविरुद्ध तोंड उघडणाऱ्या थर्सिटीसला ओडिसियस राजदंडाने बडवतो आणि सैन्य हसते. कवीही त्याला कुरूप रंगवून सैन्याच्या बाजूने उभा राहतो. होमरची करुणा सरंजामी आहे. पण तिची हद्द कधीकधी तिलाच ओलांडावी लागते. एकोणिसाव्या सर्गात दासी झालेली ब्रिसेइस पॅट्रोक्लसच्या शवापाशी आक्रोश करते, तेव्हा भोवतालच्या बंदी स्त्रियाही रडतात, आणि कवी नोंदवतो की पॅट्रोक्लस हे निमित्त होते, प्रत्येक जणी आपापल्या दुःखासाठी रडत होती. तुलनेसाठी महाभारत पाहावे. तिथे अभिमन्यूचा शोक युद्ध चालू असतानाच होतो. पण बाकीच्या मृतांचा हिशेब बहुधा अक्षौहिणींत मांडला जातो आणि सगळ्या रणभूमीचे दर्शन गांधारीला घडते ते युद्ध सरल्यावर, स्त्रीपर्वात. होमर तेवढे थांबत नाही. त्याचे स्त्रीपर्व लढाईच्या ओळींतच विखुरलेले आहे.

संक्षिप्त आवृत्त्या कात्री चालवतात ती नेमकी याच ओळींवर. अकिलीस-अ‍ॅगमेम्नॉनचे भांडण, हेक्टरचा वध, प्रायमची भेट एवढे राहते आणि लढाईचे सर्ग कंटाळवाणे म्हणून वगळले जातात. इलियड हातात घेणाऱ्याने संपूर्ण भाषांतर घ्यावे आणि चौथा, सहावा व अकरावा सर्ग तरी एकही नाव न गाळता वाचावा.