वाट वगळून दर्शन

चिखली तालुक्यातील साकेगावचे महादेव मंदिर आणि सातगाव भुसारीचे विष्णुमंदिर यांची दखल पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात घेतली. अशा मंदिरांची लेसर मोजणी करून, असंख्य छायाचित्रे जोडून आज त्रिमितीय प्रतिकृती उभारता येते. पण डोळ्यांवर उपकरण चढवलेल्या माणसाने तिच्यात चालायचे कसे? हा प्रश्न तांत्रिक वाटतो. मुळात तो दर्शन कशाला म्हणावे, हा आहे.

आभासी जगात सलग चालताना डोळ्यांना गती दिसते, पण आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून अनेकांना मळमळते. त्यावर उपाय म्हणून खूण केलेल्या जागी थेट पोहोचण्याची सोय देतात. वाडा पाहताना ती चालून जाते. देवळात मात्र मंडप, अंतराळ, उंबरठा, अंधारा गाभारा या क्रमातच अर्थ असतो. शिवालयात भाविक सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, न ओलांडता तिथूनच मागे फिरतो. थेट उडी घेणाऱ्याच्या वाट्याला ही मर्यादा येतच नाही.

पण दर्शनाला प्रत्यक्ष जागा लागतेच का? मानसपूजेत स्नानापासून नैवेद्यापर्यंत सारे मनानेच अर्पण होते. तिथे देवळाचीही गरज नाही. उलट महानुभाव पंथात संस्थापक चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पवित्र झालेली प्रत्यक्ष जागाच वंद्य. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ अशा जागा कोठे आहेत ते बारकाईने सांगते. चिखलीच्याच जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार महानुभावांची स्थाने आहेत.

आभासी दर्शन मानसपूजेच्या जवळचे भासते, पण तसे ते नाही. मानसपूजेत प्रत्येक फूल उपासकाचे मन घडवते. इथे चित्र आयते मिळते आणि मन रिकामे राहते. स्थानाचा संबंधही प्रतिकृतीला देता येत नाही. तिने जपावा असा उरतो तो क्रम. म्हणून प्रवेश दारातूनच असावा, लांब उडीऐवजी छोटी पावले असावीत, गाभाऱ्यात नजर अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागावे. विष्णुमंदिरात प्रदक्षिणा पूर्ण व्हावी, महादेवाच्या मंदिरात पन्हळीशी वाट परत वळावी. भग्न शिल्प भग्नच दिसावे. तर्काने पूर्ण केलेले रूप मागितल्यावरच, वेगळ्या रंगात यावे. पायऱ्या चढू न शकणाऱ्या वृद्धाला हीच वाट बसल्या जागी, केवळ नजरेच्या खुणेने, पण पावलापावलानेच पार करता यावी.