लवुळची वानरं

पाथरीकडून ढालेगावच्या बाजूने गोदावरी ओलांडली की माजलगाव तालुका लागतो. त्या तालुक्यातलं लवुळ गाव डिसेंबर 2021 मध्ये देशभर गाजलं. तिथली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती. वर गेलेल्या पिल्लाला आईचं दूध नाही की खाली उतरायला वाट नाही. काही उपाशी मेली, काही वरून पडली. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरं सूड घेताहेत, अशी बातमी झाली. अडीचशे पिल्लं मारल्याचा आकडा फिरला, पण त्याची खातरजमा कधी झाली नाही. वनविभागाने दोन वानरं पकडून नेली आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

पिल्लं उचललेली लोकांनी पाहिली होती, सूड कुणीच पाहिला नव्हता. तो आपल्या मनातला होता. आपण तो वानरांच्या पदरात टाकून मोकळे झालो.

वानरं म्हणजे साधुसंत, असं मला म्हणायचं नाही. 1960 च्या दशकात धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाला दिसलं, की नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारली जातात. पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी त्यामागचं कारण मांडलं. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण स्वतःच्या पिल्लांच्या वाटेला तो नर सहसा जात नाही.

आता आपल्या परभणीकडे या. डिसेंबर 2024 मध्ये गंगाखेड नाका भागात तिसरीही मुलगीच झाली म्हणून नवऱ्याने बायकोला पेट्रोल टाकून पेटवलं, अशी तक्रार पोलिसांत नोंदली गेली. ती जळत घराबाहेर धावली. लोकांनी आग विझवायची धडपड केली, तरी ती वाचली नाही.

या क्रौर्याला प्राण्यांच्या जगात मला जोड सापडत नाही. वानराचा हल्ला काही क्षणांचा असतो, त्याआधी महिनोन्‌महिने टोमणे नसतात. आपल्याकडे पहिल्या मुलीला बर्फी वाटतात, दुसरीला आवाज खाली येतो, तिसरीच्या वेळी सासर दवाखान्यात फिरकत नाही. “हिच्या पोटी मुलगा नाहीच,” हे वाक्य इतक्या शांतपणे म्हटलं जातं, की त्यात कुणाला हिंसा दिसतच नाही. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. हे शाळेच्या पुस्तकात आहे, ते शिकलेली माणसं त्या घरांत आहेत, तरी बोल लागतो तो आईलाच. वानराला आपल्या कृत्याचं समर्थन करता येत नाही. आपल्याला येतं आणि घरातली मोठी माणसं त्याला मान डोलावतात. या मान डोलावण्याचीच मला जास्त भीती वाटते.

असे टोमणे भिंतीपलीकडे ऐकू जातात. शेजारच्या घरातून ते रोज कानावर येत असतील, तर “त्यांच्या घरचा मामला” म्हणून दार लावून घेऊ नका. त्या बाईशी बोला, तिच्या माहेरी कळवा. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे. जिवावर बेतलं असेल तर 112 लावा, आणि ती पेटायच्या आधी लावा.