पासोडीतलं मन

दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेली आहे. सुमारे 40 फूट लांब नि 4 फूट रुंद कापड, त्यावर लिहिलेल्या ओव्या आणि आकृत्या. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यांच्या नावावर आहे, त्यांना कागद पुरेना म्हणून ते कापडाकडे वळले असावेत, असं आपलं मला वाटतं. पासोडीचा विषय पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांतून देह कसा घडतो. या विचारात ज्ञानेंद्रियं, कर्मेंद्रियं आणि पाच प्राण यांच्याच पंगतीला मन, बुद्धी, चित्त, अहंकार बसतात. आत्मा तेवढा निराळा. मन मात्र घडलेल्या वस्तूंतच मोजलेलं.

यावरून पूर्वजांना मज्जासंस्था ठाऊक होती, असं कुणी म्हणू नये. दासोपंतांना मोक्षाची वाट दाखवायची होती, रोगाचं निदान करायचं नव्हतं. पण देह आणि मन यांच्यामध्ये आज आपण जी भिंत उभी करतो, ती त्या कापडावर नाही.

कर्जाखाली दबलेला एखादा शेतकरी दवाखान्यात येतो. छातीत धडधड, पोटात गोळा, रात्री डोळ्याला डोळा नाही. ईसीजी ठीक निघतो आणि त्याला मानसोपचाराची चिठ्ठी मिळते. तो बिथरतो. “मी काय येडा हाय का?” घरचेही म्हणतात, काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.

झालेलं असतं. रात्रीच्या लाईटीवर दारं धरताना पायाशी साप सळसळला, तर काय होतं ते बीडकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला धोका हेरतो, हायपोथॅलॅमस इशारा देतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. काळीज उडतं, तोंड कोरडं पडतं, पचन थांबतं. साप निघून गेला की काही वेळानं सगळं जागेवर येतं. बँकेची नोटीस निघून जात नाही. ती खिशात असते, उशाशी असते, आणि थोड्या वेळासाठी असलेली ही धावपळ शरीर महिनोन्महिने चालू ठेवतं.

लगाम ओढणारी नसही शरीरात आहे. मेंदूच्या बुंध्यापासून निघून हृदय, फुप्फुसं, आतड्यांपर्यंत जाणारी व्हेगस. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली. हृदय मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं! नसेचा निरोप रसायन होऊन पोचतो, हे असं हाती लागलं. 1936 चं नोबेलही त्यासाठीच. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. मेंदूत लक्ष देण्याच्या आणि आठवण ठेवण्याच्या कामातही तेच लागतं. मग यातलं शारीरिक कुठवर आणि मानसिक कुठून?

नैराश्य ओळखायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. त्यातले चार प्रश्न झोपेचे, थकव्याचे, भुकेचे आणि हालचाल मंदावली की अस्वस्थ झाली याचे आहेत. “मन उदास आहे का?” या प्रश्नाला आपल्याकडचा पुरुष सहसा नाहीच म्हणतो. झोपेचं विचारलं की मात्र बोलायला लागतो.