बहुरूपी जाताना काय सांगतो

मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक ऐन रंगात असताना, एक व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आला असेल. स्टेजवर नाचत नाचत येणारा एक माणूस, समोर बेभान पब्लिक आणि त्या माणसाला चेहरा नरेंद्र मोदींचा. मोदींनी तो स्वतः शेअर केला, स्वतःला नाचताना बघून आपल्यालाही मजा आली असं लिहिलं. त्याच सुमारास तशाच साच्यातला ममता बॅनर्जींचा व्हिडिओ आला, तेव्हा तो टाकणाऱ्याला कोलकाता पोलिसांनी नोटीस काढली. टेक्नॉलॉजी तीच, खोटेपणाही तेवढाच. एकाचं कौतुक झालं, दुसऱ्याची चौकशी.

म्हणजे विडंबन कोणतं आणि दिशाभूल कोणती, हे ज्याची टोपी उडवली त्याच्या मूडवर ठरणार का? तसं नको असेल, तर आपल्याकडे स्वतःची एखादी कसोटी हवी.

सगळ्यात आधी सुचते ती खऱ्या-खोट्याची कसोटी. पण ती इथे चालत नाही, कारण विडंबन खोटंच असतं. मग आपण हेतूकडे वळतो. पण हेतू फाइलमध्ये सेव्ह होत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन फाइलींचे हॅश जुळवून एकीत बदल झालाय का, हे मी मिनिटभरात सांगू शकतो. पण बदल करणाऱ्याला हसवायचं होतं की फसवायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम माझ्याकडे नाही.

मला या बाबतीत कोडपेक्षा बहुरूपी जास्त उपयोगी वाटतो. आपल्याकडे खाकी घालून, मिशी लावून बहुरूपी दारात यायचा. तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणून दम द्यायचा, भलतेसलते यमकात बसवलेले आरोप करायचा. पोरं घाबरायची, मोठी माणसं हसू दाबायची. तो खोटं बोलत होता, थोडा वेळ फसवतही होता. पण अंगणातून निघायच्या आधी तो सोंग उतरवायचा आणि हात पुढे करायचा. त्याला पैसे मिळायचे ते सोंग ओळखलं गेल्यामुळे. शेवटपर्यंत कुणी ओळखलंच नसतं, तर त्याची फेरी वाया गेली असती.

विडंबनाला पकडलं जायचं असतं. बघणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, तर विनोद पडला. दिशाभुलीचं उलटं आहे. लक्षात आलं की ती मेली. त्यामुळे व्हिडिओ बघताना विचारायचा प्रश्न असा: मी हे ओळखलं, तर बनवणाऱ्याचं काम झालं की बिघडलं?

ही कसोटी लावून बघू. एप्रिल २०२४ मध्ये अमित शहांच्या तेलंगणातल्या एका जुन्या भाषणात कापाकापी करून क्लिप फिरवली गेली. मूळ भाषणात ते मुस्लिम आरक्षणाबद्दल बोलत होते. क्लिपमध्ये ते एससी, एसटी आणि ओबीसी आरक्षण संपवणार असल्याचं वाटत होतं. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, महाराष्ट्रातल्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचा म्हणून सांगितला गेलेला आवाज बिटकॉइनच्या आरोपांसह भाजपच्या अधिकृत हँडलवर आला. सुळेंनी तो बनावट असल्याचं सांगितलं, फॅक्ट-चेक करणाऱ्यांना त्यात एआयच्या खुणा दिसल्या. पक्ष वेगळे, पण दोन्हीकडे हसण्यासारखं काही नव्हतं. ऐकणाऱ्याने ओळखलं असतं तर दोन्हींचा उपयोग शून्य.

आता कुणाल कामराचं घ्या. मार्च २०२५ मध्ये त्याने एका हिंदी फिल्मी गाण्याच्या चालीवर एकनाथ शिंदेंवर गाणं म्हटलं, तेही नाव न घेता. २३ मार्चच्या रात्री खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत शिवसैनिकांनी तोडफोड केली, पुढे गुन्हाही दाखल झाला. ते गाणं ऐकून कुणाची फसवणूक झाली? शिंदे स्वतःच हे गातायत, असं एका तरी माणसाला वाटलं का? लोक दुखावले गेले, हे खरं. दुखावलं जाणं हे फसवलं जाण्यापेक्षा वेगळं आहे. दुखावलेल्याने जरूर उत्तर द्यावं, निषेध करावा. पण आपल्याला लागलं म्हणून ते फेक, असं म्हणता येत नाही.

हा फरक सरकारच्या हाती का देऊ नये, याचाही धडा कामराच्याच नावाच्या खटल्यात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने आयटी नियम बदलले. सरकारी कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर फेक, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, ते सरकारचंच फॅक्ट-चेक युनिट ठरवणार होतं. आपण विडंबनकार आहोत, या नियमाने आपलं कामच धोक्यात येईल, असं म्हणत कामरा मुंबई हायकोर्टात गेला. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी नियम घटनाबाह्य असल्याचं मत दिलं आणि तो रद्द झाला. ज्याचं सोंग काढलंय, त्यालाच सोंगाचा परीक्षक नेमता येत नाही.

इथवर गोष्ट सोपी वाटते. पण बहुरूप्याच्या उदाहरणात एक अट लपलेली आहे. त्याने सोंग उतरवलं, तेव्हा तुम्ही अंगणात हजर असायला हवं. मोबाइलवर नेमकं हेच होत नाही. वाणगावहून डहाणू लोकल पकडली की शेजारच्याचे रील्स आपल्याला ऐकू येतातच. स्क्रीन दिसत नाही, फक्त आवाज येतो. मिमिक्री करणाऱ्याने शेवटी डोळा मारला असेल, पण ऐकणाऱ्यासाठी तो आवाज नेत्याचाच असतो. मूळ व्हिडिओत शेवटी असलेली पाटी फॉरवर्ड होता होता कापली जाते. बहुरूपी निघून जातो, पोलीस तेवढा उरतो.

पाटी कापली तर काय होतं, हे २०१८ मध्ये दिसलं. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी जाहिरात केली होती. बाइकवरचे दोघं एका मुलाला उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात. मग ते पाटी दाखवतात: मूल पळवायला क्षणभर पुरतो. भारतात ही क्लिप फिरली ती शेवट कापून, मुलं पळवणारी टोळी म्हणून. अशाच अफवांच्या त्या हंगामात, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागणारी होती. दारात आलेल्या अनोळखी माणसाला ओळखण्याची गावाची जुनी सवय त्या दिवशी कामी आली नाही.

आणि हे दूर धुळ्यातच घडतं असं नाही. वाणगाव ज्या डहाणू तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात गडचिंचले आहे. व्हॉट्सअ‍ॅपने ७ एप्रिल २०२० ला खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्यानंतर नऊच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत या अफवांनी धास्तावलेल्या जमावाने तिथे दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव घेतला. पुढे त्या घटनेलाच धार्मिक रंग देणाऱ्या पोस्ट पसरल्या आणि तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही, हे सांगावं लागलं. अ‍ॅपमधल्या मर्यादेचा उपयोग आहे, पण पाड्यावर तोंडोतोंडी फिरणाऱ्या गोष्टीला अ‍ॅप लागत नाही.

म्हणून मला वाटतं, या प्रश्नाची खरी जबाबदारी बनवणाऱ्याइतकीच पुढे पाठवणाऱ्यावर आहे. विडंबन मूळ ठिकाणी प्रामाणिक असू शकतं आणि माझ्या फॉरवर्डमध्ये ते खोटं होऊ शकतं. फाइल तीच राहते, पण सोंग उतरवण्याचं काम आता माझ्याकडे आलेलं असतं. ते काम फार मोठं नाही. वर एक ओळ लिहायची: हा विनोद आहे, अमक्याने केलाय. यावर मित्र म्हणतात, समजावून सांगितलेला विनोद मरतो. बहुरूप्याचा कधी मेला नाही. त्याने सोंग उतरवल्यावरच तर घाबरलेली पोरं हसायला लागायची.

‘मजा होती’ हे वाक्य कधी म्हटलं जातं, तेही बघायला हवं. बहुरूपी ते निघायच्या आधी म्हणायचा. दिशाभूल करणारा ते पकडला गेल्यावर म्हणतो. शब्द तेच, फक्त वेळ बदलली की अर्थ बदलतो.

फॅमिली ग्रुपवर कुणी काका किंवा मावशी विचारतात, “हे खरंय का रे?” त्यावर आपण बरेचदा हसणारी इमोजी टाकतो आणि पुढे जातो. पण विचारणारा माणूस अजून अंगणात उभा असतो, सोंग कुणीतरी उतरवेल म्हणून वाट बघत. त्याला नीट उत्तर द्यायला एक मिनिट लागतं.